दगडावर पत्रा ठोकण्याआधी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आमच्या पेठेतल्या जुन्या बँकेच्या दर्शनी भिंतीवर गेल्या आठवड्यापासून ड्रिल चालू आहे. घडीव काळ्या दगडाला भोकं पाडून लोखंडी सांगाडा उभा केलाय. त्यावर म्हणे अॅल्युमिनियमचे चकचकीत पत्रे आणि काच बसणार. बँकेचं नाव लिहीत नाही. मी तिथे छत्तीस वर्षं काढली, शेवटची अकरा हेड कॅशियर म्हणून. त्यामुळे राहवलं नाही.

नवीन भरती झालेली मुलं विचारायची, काका, एवढ्या जाड भिंती कशाला? त्यांना सांगायचो, बाबांनो, पूर्वी ठेवींना विमा नव्हता. १९६० साली केरळातली पालाई सेंट्रल बँक बुडाली, तेव्हा कुठे हालचाल झाली आणि १९६२ पासून ठेवविमा आला, तोही दीड हजार रुपयांपर्यंत. आज तो पाच लाखांचा आहे. विमा येण्याआधी पैसे ठेवणारा माणूस कागदपत्रं कुठली बघणार, तो इमारत बघायचा. सांगली बँक १९१६ ची. त्या पिढीच्या बँकांना दगडी जोतं, कमान, सागवानी माडी यांवर खर्च करावाच लागे. माझे वडील हळदीच्या अडतीवर दिवाणजी होते. सांगलीजवळच्या हरिपूरच्या पेवातल्या, म्हणजे जमिनीखालच्या कोठारातल्या, हळदीच्या तारणावर व्यापाऱ्यांना कर्ज मिळायचं, त्या कामासाठी ते बँकेत यायचे आणि पहिल्या पायरीवर चप्पल काढायचे. शिपाई नको नको म्हणायचा, तरी काढायचे.

इमारतीचं खरं डोकं आहे ते तिच्या स्ट्राँगरूममध्ये. ती मागच्या भिंतीला टेकलेली नाही. मधोमध आहे आणि चारी बाजूंनी माणूस आडवा होऊन जाईल एवढी बोळ आहे, म्हणजे बाहेरून भिंत फोडली तरी चोर बोळातच येणार. रात्रीचा वॉचमन त्या बोळातून कंदील घेऊन फेरी मारायचा. खिडकी नाही, छताजवळ फक्त वीतभर झरोका, त्याला गज. दाराला दोन किल्ल्या, एक मॅनेजरकडे, एक माझ्याकडे. एकट्याला ते दार उघडणं शक्यच नव्हतं. मॅनेजरसाहेबांच्या मुलीच्या लग्नाला गावाला जाताना माझी किल्ली दुसऱ्याच्या ताब्यात देऊन रजिस्टरवर सही केली, तेव्हा कुठे मला गाडीत झोप लागली.

२००५ चा पूर मी नोकरीत असताना पाहिला. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाणी ५३ फुटांच्या वर गेलं होतं. आम्ही सात जणांनी रांग करून लेजरं माडीवर चढवली. पाणी आमच्या सात पायऱ्यांपैकी तिसरीवर येऊन थांबलं. २०१९ ला पुलाजवळ ५७ च्या वर गेलं आणि हॉलमध्ये शिरलं. मी तेव्हा निवृत्त. आठवड्यानं जाऊन बघतो तर काउंटरच्या निम्म्यावर गाळाची रेघ, खुर्च्या तरंगून दाराशी गोळा झालेल्या. सागवान मात्र फुगलं नव्हतं. शेजारच्या नव्या दुकानांचं प्लायवूड पापडासारखं सुटलं होतं.

आता पत्र्याबद्दल. हे बांधकाम चुन्यातलं आहे. त्याला वारा लागतो. पत्र्यामागे पावसाची ओल कोंडली की दरजा, म्हणजे दगडांमधले सांधे, सुटायला लागतात आणि बाहेरून कुणाला दिसतही नाही. शिवाय पुढच्या पुरात तो गाळ त्या फटीत भरून बसेल, तो काढणार कोण? मी इंजिनिअर नाही. पण २०१९ नंतर भिंत धुणाऱ्या गवंड्यानंच मला हे सांगितलं, आणि ज्यानं हात घातलाय त्याचं मी ऐकतो.

माझं मागणं फार नाही. एसी बसवा, एटीएम बसवा, म्हाताऱ्यांसाठी रॅम्प जरूर करा, सात पायऱ्या चढताना माझेच गुडघे बोलतात. दर्शनी दगड तेवढा उघडा राहू द्या. कोपऱ्याच्या दगडावर दोन्ही पुरांच्या रेघा छिन्नीनं कोरा. आणि कॅशियरच्या पिंजऱ्याची पितळी जाळीची खिडकी सध्या मागच्या अंगणात भंगाराच्या ढिगावर पडली आहे, ती कृपा करून विकू नका.

एक कबुली देऊन टाकतो. त्या खिडकीतून गिऱ्हाइकाला आम्ही नंबर कोरलेला पितळी बिल्ला द्यायचो. निवृत्तीच्या दिवशी ४७ नंबरचा माझ्या खिशात राहिला, आणि मी तो परत केला नाही. खिडकी पुन्हा बसवणार असाल तर त्याच दिवशी आणून देतो.

आपला,
एक निवृत्त हेड कॅशियर
गावभाग, सांगली