डन्स्टेबलचा वारा

प्रिय मनू,

तू हडपसरच्या ग्लायडिंग सेंटरमध्ये नाव नोंदवतेयस हे आईने सांगितलं, ती जाम टेन्शनमध्ये आहे, मी नाहीये (म्हणजे थोडासा आहे). म्हणून कालचं सांगतो.

काल इथे इंग्लंडात, डन्स्टेबलच्या ग्लायडिंग क्लबवर, पश्चिमेचा वारा नुसता सुसाट. सोलोवाल्या (एकट्याने उडणाऱ्या) नवख्यांना सकाळीच नाही म्हणून सांगितलं, कोणी हुज्जत घातली नाही, इथलं हे मला फार आवडतं. ग्लायडर, म्हणजे आपलं बिनइंजिनाचं विमान, नुसतं उभं असलं तरी वाऱ्याकडचा पंख खाली टेकवून त्यावर जुने टायर ठेवतात, नाहीतर उलटायला कितीसा वेळ लागतो!

मी पुढे, इन्स्ट्रक्टर मागे. विंचने (जमिनीवरचं यंत्र, लांब केबल गुंडाळत ग्लायडर वर खेचतं) खेचलं आणि वारा समोरून असल्यामुळे केबल सोडेपर्यंत नेहमीपेक्षा बरेच वर पोचलो. मग सरळ टेकडीवर. वारा उताराला आपटून वर चढतो, त्या पट्ट्यात राहायचं, बस. टेकडी जेमतेम 243 मीटरची, सिंहगडापुढे किस झाड की पत्ती, पण वारा काटकोनात आला की इंजिनाशिवाय तासन्तास वर राहता येतं. व्हिप्सनेड झूच्या खाली खडूच्या उतारावर पांढरा सिंह कोरलाय, तिथवर जायचं, वळायचं, परत यायचं. वळताना कायम टेकडीपासून बाहेर, टेकडीकडे कधीच नाही.

खरी मजा उतरताना. शेवटी वळून वाऱ्याला तोंड देऊन उतरायचं, पण त्याआधी वारा पाठीशी असताना जमीन इतकी भराभर मागे जाते की वाटतं आपला स्पीड खूप झालाय, आणि हात आपोआप स्टिक मागे ओढायला जातो, म्हणजे नाक वर आणि खरा स्पीड आणखी कमी. तिथेच लोक फसतात! डोळ्यांवर विश्वास ठेवू नकोस, स्पीडचा काटा बघ. शिवाय जमिनीजवळ वारा एकदम कमी होतो, म्हणून उतरताना नेहमीच्या स्पीडमध्ये वाऱ्याचा निम्मा वेग मिळवायचा, आणि फील्डपासून वाऱ्याच्या दिशेने लांब भरकटायचं नाही, परत येताना वारा समोरून असतो आणि उंची बघता बघता संपते.

हडपसरला गेल्यावर, वर खेचताना केबल अर्ध्यात तुटली तर काय करायचं ते पहिल्यांदा विचार. नाक खाली, स्पीड येऊ दे, मग बाकीचं, हे तुला झोपेतही आलं पाहिजे. आणि टोपी ने, दिवसभर उन्हात ग्लायडर ढकलायला लागतं. आईशी मी बोलतो.

तुझा,
बाबा