राजपुत्राला सोडा, बेरीची फाइल उघडा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीतला ‘जॅक द रिपर’वरचा, म्हणजे १८८८ साली लंडनच्या व्हाइटचॅपल भागात बायकांचे खून करून कधीच न सापडलेल्या खुन्यावरचा, लेख वाचला. लंडनचं धुकं, घोडागाडी, संशयित म्हणून उंच टोपीवाला डॉक्टर आणि राणी व्हिक्टोरियाचा नातू, सगळं यथासांग आलं. तपास तेवढा राहिला. मी पोलीस खात्यात ठाण्याचा रायटर होतो, जबाब आणि पंचनामे लिहिण्यात हयात गेली, म्हणून हे पत्र.

३० सप्टेंबर १८८८ ला मध्यरात्रीनंतर, एकमेकींपासून तासाभराच्या आत, दोन बायकांचे खून झाले, तेव्हा नातू प्रिन्स अल्बर्ट व्हिक्टर स्कॉटलंडमध्ये होता. दरबारी नोंदीच तसं सांगतात. डॉक्टर सर विल्यम गल ७१ वर्षांचे, आदल्याच साली पक्षाघाताचा झटका येऊन गेलेला. कुठल्याही तपासी अंमलदाराने ही दोन नावं सकाळच्या चहाआधी खोडली असती.

लेखात ज्याचं नावही नाही, त्या विल्यम हेन्री बेरीबद्दल सांगतो. १८८८ साली हा पूर्व लंडनच्या ‘बो’ भागात राहत होता. भुसा विकायचा, प्यायचा, बायकोला मारायचा. जानेवारी १८८९ मध्ये बायको एलेनला घेऊन स्कॉटलंडमधल्या डंडीला गेला. १० फेब्रुवारीला स्वतःच पोलीस ठाण्यात आला आणि बायकोने आत्महत्या केली म्हणून सांगितलं. पोलीस घरी गेले, तर प्रेत लाकडी पेटीत कोंबलेलं, गळा दोरीने आवळलेला, पोटावर सुरीचे वार. घराच्या मागच्या बाजूला खडूने लिहिलेलं होतं, जॅक रिपर या दारामागे आहे. एप्रिलमध्ये त्याला फाशी झाली. बायकोच्या खुनाची कबुली त्याने दिली, व्हाइटचॅपलची नाही.

हाच तो, असं मी म्हणत नाही. रिपरने गळे चिरले, बेरीने दोरी वापरली, आणि हा फरक किरकोळ नाही. खडूचं लिखाण तर गल्लीतल्या पोरांचंही असू शकतं. पण त्याचा पत्ता, धंदा, मुक्काम, सगळं कागदावर आहे. ताडून बघता येतं. नातवाच्या बाबतीत ताडायला गेलं की गोष्टच संपते, म्हणून कुणी ताडत नाही. आणि बायकोला मारणारा दारुडा ही कुणाला छापण्याजोगी बातमी वाटत नाही, मग तो आमच्या हद्दीतला असो की लंडनचा.

दुसरं नाव चार्ल्स लेचमियरचं. पिकफर्ड्स या मालवाहतूक कंपनीचा हा गाडीवान ३१ ऑगस्टच्या पहाटे कामावर निघाला होता. बक्स रो या गल्लीत, रिपरचा पहिला बळी मानल्या जाणाऱ्या मेरी ॲन निकोल्सच्या प्रेताजवळ पहिला दिसतो तो हाच. चौकशीत त्याने आडनाव सांगितलं ‘क्रॉस’, म्हणजे सावत्र बापाचं. यावरून हल्ली काहीजण त्याला थेट फासावर चढवतात. मला ते पटत नाही, कारण नोकरी कुठे करतो हे त्याने लपवलं नव्हतं. मात्र खबर देणाऱ्याचीही वेळ आणि वाट तपासायची असते, हे आमच्याकडे नवख्या शिपायालाही सांगावं लागत नाही.

किरकोळ संशयितांचा खरा उपयोग जॉन पायझरच्या प्रकरणात दिसतो. हा चांभारकाम करणारा ज्यू. वर्तमानपत्रांनी ‘लेदर ॲप्रन’ (चामड्याचा एप्रन) नावाचा बागुलबुवा उभा केला आणि १० सप्टेंबरला याला पकडलं. पण निकोल्सच्या खुनाच्या रात्री लंडनच्या गोदीला आग लागली होती. तिचा आभाळातला उजेड पाहून पायझर दूर हॉलोवे भागात एका शिपायाशी बोलला होता. त्याचं हे म्हणणं पडताळलं गेलं आणि तो सुटला. अशी एक नोंद मला दहा तर्कांपेक्षा मोलाची वाटते.

याउलट लंडनचे पोलीस अधिकारी मॅकनॉटन यांचं संशयितांवरचं १८९४ चं प्रसिद्ध टिपण घ्या. हे गृहस्थ आधी बंगालमध्ये घरच्या जमिनींचा कारभार बघायचे. लंडन पोलिसांच्या मुख्यालयात, स्कॉटलंड यार्डात, आले १८८९ मध्ये, म्हणजे रिपरचे मानले जाणारे पाच खून होऊन गेल्यावर. त्यांनी तीन नावं दिली. त्यांतल्या ड्रुइटला डॉक्टर ठरवून वय लिहिलं ४१. प्रत्यक्षात तो ३१ वर्षांचा बॅरिस्टर, शाळेत शिकवणारा. तिसरा ऑस्ट्रॉग, भुरटा ठग. खुनांच्या काळात तो फ्रान्समध्ये कोठडीत होता, हे जुने कागद चाळणाऱ्या संशोधकांनी पुढे शोधलं. एका भुरट्या चोराच्या मागे लागले म्हणूनच साहेबांच्या टिपणावर किती विसंबायचं ते कळलं.

पुढच्या रविवारी लेखाचा दुसरा भाग येणार असल्याचं आपण छापलं आहे. त्यात नातू पुन्हा येणार असेल तर येऊ द्या, पण प्रत्येक संशयितापुढे त्या रात्री तो कुठे होता हे एका ओळीत छापा. बेरीची ओळ मी वर लिहून दिलीच आहे.

आपला,
एक निवृत्त सहायक फौजदार, मिरज