एमडी० चा एमडी१२७ झाला तर घाबरू नका

संपादक महाशय, स. न.

रविवारच्या पुरवणीत जुन्या पीसीचा घरगुती सर्व्हर कसा करायचा ते छान सांगितलंत, पण डिस्कच्या नावांचा घोळ राहून गेला म्हणून लिहितोय. माझ्याकडे डेबियनवर (लिनक्सचाच एक प्रकार) ४ टीबीच्या दोन डिस्क रेड १ मध्ये आहेत, म्हणजे दोन्हींवर एकच डेटा, घरातले सगळे फोटो त्यातच. मागच्या महिन्यात लाइट गेली, आल्यावर मशीन चालू केलं, म्हणजे अ‍ॅरे (दोन डिस्कची ही जोडी) बनवल्यापासून पहिलाच रीबूट, तर स्क्रीनवर सरळ इमर्जन्सी मोड आणि एमडी०, म्हणजे त्या अ‍ॅरेचं नाव, गायब! पोटात गोळाच आला. अ‍ॅरेची स्थिती दाखवणारी एमडीस्टॅट फाइल उघडली तर अ‍ॅरे तिथंच, दोन यू शेजारीशेजारी, म्हणजे दोन्ही डिस्क धडधाकट, फक्त नाव झालेलं एमडी१२७.

चूक माझीच, एमडीएडीएमच्या (अ‍ॅरे सांभाळणारा प्रोग्रॅम) कॉन्फिग फाइलमध्ये अ‍ॅरेची ओळ टाकलीच नव्हती, मग बूट होताना लिनक्स अनोळखी पाहुण्याला आपल्या मनानं नंबर देतं आणि तो १२७ पासून खाली उतरत जातो. एमडीएडीएमची डिटेल स्कॅन कमांड जी ओळ देते ती त्या फाइलमध्ये टाकली, इनिट्रॅमएफएस (बूटच्या सुरुवातीला लागणाऱ्या फाइल्सचा गठ्ठा) अपडेट केलं (हे विसरलात तर बूटच्या वेळी जुनीच कॉपी वाचली जाते, मीही विसरलो होतो), आणि एफएसटॅबमध्ये (बूट होताना कुठली डिस्क कुठं जोडायची त्याची यादी) नावाऐवजी यूयूआयडी, म्हणजे न बदलणारा ओळख क्रमांक, लिहिला. तो मात्र बीएलकेआयडी कमांड दाखवते तो फाइलसिस्टीमचा घ्यायचा, अ‍ॅरेचा वेगळा असतो.

एक मित्र म्हणाला होता, क्रिएट कमांड मारून अ‍ॅरे नव्यानं बनव. नशीब ऐकलं नाही, नाहीतर फोटोच जायची भीती होती.

आपला एक वाचक, पुणे