कॅथलिक शाळांच्या इतिहासात विद्यार्थी कुठे आहेत?

माननीय संपादक महोदय,

कॅथलिक हायस्कुलांच्या इतिहासावरील आपल्या पुरवणीतला लेख मी दोनदा वाचला. संस्थापक, इमारती आणि मुख्याध्यापकांची परंपरा यांची माहिती त्यात नेटकी आली आहे. मात्र विद्यार्थ्यांचे शाळेतले जगणे ‘अभ्यासेतर उपक्रम’ म्हणून शेवटच्या परिच्छेदात उरकले आहे, आणि या शाळांचा गाभा नेमका तिथेच निसटला, असे मला वाटते.

जेझुइट या कॅथलिक धर्मसंघाने १५४८ मध्ये सिसिलीतील मेसिना येथे शाळा काढली. पुढे १५९९ मध्ये सिद्ध झालेल्या त्यांच्या ‘रेशिओ स्टुडिओरम’ या शिक्षणसंहितेत पाठांच्या क्रमाइतक्याच बारकाईने वर्गातील चढाओढ, बक्षिसे आणि नाटके यांचेही नियम घालून दिलेले होते. वर्गाचे दोन तट पाडायचे, एकाला रोम आणि दुसऱ्याला त्याचे प्राचीन वैरी नगर कार्थेज यांचे नाव द्यायचे आणि मुलांनीच एकमेकांच्या चुका पकडायच्या, ही रीत त्यांच्या शाळांत रुळली. घोकंपट्टीवर याहून चांगला उतारा मला तरी ठाऊक नाही.

इटलीतील तुरिनमध्ये १८४१ पासून गरीब मुलांसाठी काम करणारे धर्मगुरू डॉन बॉस्को यांनी तर पटांगणालाच शिक्षणाचे स्थान मानले. १८७७ मध्ये मांडलेल्या त्यांच्या ‘प्रतिबंधक पद्धती’त मुलांना मनसोक्त धावू, ओरडू द्यावे आणि शिक्षकाने त्यांच्यातच वावरावे, असा आग्रह आहे, खेळ, संगीत, नाटक आणि सहली ही त्यांच्या मते शिस्तीची साधने होती. फिलाडेल्फियातील कोळशाचे व्यापारी थॉमस केहिल यांच्या मृत्युपत्रातील देणगीतून १८९० मध्ये मुलग्यांसाठी विनाशुल्क कॅथलिक हायस्कूल उघडले, तेही ज्यांचे शिक्षण प्राथमिक शाळेनंतर थांबत असे त्यांना डोळ्यांसमोर ठेवून.

कॅथलिक बिशपांच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतरच्या काळात (ती १९६२ ते १९६५ या वर्षांत भरली होती) अनेक देशांत धर्मभगिनी आणि ब्रदर या व्रतस्थ शिक्षकांची संख्या घटली व त्यांची जागा व्रत न घेतलेल्या, पगारी शिक्षकांनी घेतली. त्यामुळे वेतनाचा खर्च आणि शुल्क वाढले, हे सर्वत्र लिहिले जाते. शाळा सुटल्यावरही आवारातच राहणारी माणसे गेल्याने मुलांची संध्याकाळ कशी बदलली, हे मात्र क्वचितच कोणी विचारते.

याची उत्तरे जुन्या वार्षिकांकांत, नाटकांच्या कार्यक्रमपत्रिकांत, सामन्यांच्या वह्यांत आणि माजी विद्यार्थ्यांच्या आठवणींत आहेत. त्यांत छडीच्या कडू आठवणीही असतील आणि त्याही वगळू नयेत. लेखमालेचा पुढचा भाग या साधनांवर बेतावा आणि त्यासाठी वाचकांकडून आठवणी मागवाव्यात, ही आपणास विनंती.

आपली विश्वासू,
एक निवृत्त शिक्षिका