व्हिसाचा सल्ला देणाऱ्याची सनद कोण बघतं?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात आपल्या अंकात कॅनडाचं स्टडी परमिट नाकारलं गेलेल्या मुलांची बातमी होती. त्याच अंकाच्या शेवटच्या पानावर ‘खात्रीशीर कॅनडा! आधी व्हिसा, मग पैसे’ अशी ठसठशीत जाहिरातही होती. बातमी चांगली होती. जाहिरातीबद्दल मात्र बोलायला हवं, आणि ते बोलायचा थोडा अधिकार मला आहे असं वाटतं.

मी इंदिरानगरात वाढले. नाशिकमध्येच एलएल.बी. केलं, सनद घेतली आणि जिल्हा न्यायालयात एका दिवाणी सिनियरांकडे ज्युनियर म्हणून लागले. काम म्हणजे डायरीत तारखा उतरवायच्या, नकलांसाठी अर्ज द्यायचे, वाटपाच्या दाव्यात सातबाऱ्यावरची नावं वंशावळीशी जुळवायची. लग्नानंतर नवऱ्याच्या नोकरीमुळे टोरंटोजवळ ब्रॅम्प्टनला गेले. बॅग भरताना सासूबाईंनी काळा कोट बाहेर काढून ठेवला होता, मी तो गुपचूप पुन्हा आत सारला. (तो कोट तिथे चालत नाहीच. तिथला गाऊन वेगळा.)

पहिली नोकरी लागली ती गोदामात, पार्सलांवर लेबलं चिकटवायची. माझ्या शेजारी उभी राहणारी बाई नायजेरियात वकील होती. परदेशातल्या कायद्याच्या पदव्या तपासणारी ‘नॅशनल कमिटी ऑन ॲक्रेडिटेशन’ नावाची समिती आहे, हे मला तिच्याकडून कळलं. तिथे सगळे या समितीला ‘एनसीए’ म्हणतात. आपली पदवी, गुण आणि अनुभव बघून कोणते विषय द्यायचे ते ही समिती ठरवते. कॅनडाची राज्यघटना, प्रशासकीय कायदा, फौजदारी कायदा, तिथल्या कायद्याची मूलतत्त्वं आणि वकिलांची आचारसंहिता, हे पाच विषय मात्र सहसा चुकत नाहीत. ते सुटले की प्रांताच्या बारच्या परीक्षा, मग एखाद्या वकिलाच्या हाताखाली उमेदवारी आणि शेवटी शपथ.

प्रशासकीय कायद्याच्या अभ्यासात माव्हिस बेकर भेटली. जमैकाहून १९८१ मध्ये आलेली, घरकाम करणारी बाई. कॅनडात जन्मलेली चार मुलं पदरी, आणि हातात देश सोडण्याचा हुकूम. माणुसकीच्या आधारावर राहू द्या, असा तिने अर्ज केला, तो नाकारला गेला. का नाकारला याची कारणं मागितली तेव्हा एका कनिष्ठ अधिकाऱ्याची टिपणं तिच्या वकिलाच्या हाती पडली. त्यात तिची मुलं, तिचा आजार, सरकारवर पडणारा तिचा भार याबद्दल असं काही लिहिलं होतं की वाचून कान तापावेत. १९९९ मध्ये कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय रद्द केला: अधिकारी निःपक्ष हवा, मुलांच्या हिताचा विचार व्हायला हवा, आणि इतक्या महत्त्वाच्या निर्णयाची कारणं माणसाला कळायला हवीत. तोवर मी तिथेही जमीनजुमल्याचीच वकिली करायचं म्हणत होते. हा निकाल वाचला आणि तो विचार मागे पडला.

ओंटारियोच्या बारच्या परीक्षेला पुस्तकं जवळ ठेवता येतात. माझा भाऊ यावर खूप हसला होता. पण पानांचा ढीग एवढा असतो की कुठलं कलम कुठे आहे याची सूची नसेल तर पुस्तकं असून उपयोग नाही. ती सूची आम्ही चौघींनी मिळून केली: मी, ती नायजेरियाची मैत्रीण, एक लाहोरची आणि एक जालंधरची. खरा घाम मात्र उमेदवारीची जागा शोधताना फुटला. कॅनडातला अनुभव नाही म्हणून जागा नाही, आणि जागा नाही म्हणून अनुभव नाही. अखेर एका गुजराती वकीलबाईंनी उभं केलं.

शपथ घेतली तेव्हा माझ्याकडे भारतीय पासपोर्टच होता. त्याचं श्रेय अँड्र्यूज नावाच्या एका ब्रिटिश माणसाला. ब्रिटिश कोलंबियात नागरिक नसलेल्याला वकिली करता येत नसे. तो अडला, लढला, आणि १९८९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती अट घटनाबाह्य ठरवली. त्याच प्रांतात १९४७ पर्यंत भारतीयांना मताचा अधिकार नव्हता आणि मतदार यादीत नाव नसेल तर वकिलीही नव्हती. १९१४ मध्ये ‘कोमागाता मारू’ जहाज ३७६ भारतीय प्रवासी घेऊन व्हँकुव्हरला दोन महिने अडकून पडलं, तेव्हा त्यांची बाजू एडवर्ड बर्ड या गोऱ्या वकिलाला मांडावी लागली. त्यांच्यातला कुणी तिथे वकील असणं शक्यच नव्हतं.

एवढं सगळं करून मला तिथे व्हिसाबद्दल पैसे घेऊन सल्ला देता येतो. माझ्या हातून गफलत झाली तर अशील लॉ सोसायटीकडे, म्हणजे वकिलांच्या नियामक संस्थेकडे, तक्रार करू शकतो, माझी सनद जाऊ शकते, आणि नुकसानभरपाईसाठी मला विमा घ्यावाच लागतो. इथे नाशकात कॅनडा कॉर्नरपासून गंगापूर रोडपर्यंत हाच सल्ला द्यायला एक फ्लेक्स पुरतो.

माझ्याकडे आलेली एक फाइल सांगते, ओळख पटेल असं काही न लिहिता. द्राक्षबागेवर कर्ज काढून गेलेला निफाडकडचा मुलगा. अर्ज त्याच्याच नावाने भरलेला, पण ईमेल आयडी एजंटने उघडलेला आणि पासवर्डही एजंटकडेच. प्रतिनिधी म्हणून एजंटचं नाव कागदावर कुठेच नाही. बँकेचं एक पत्र खोटं होतं. त्याबद्दल खुलासा मागणारं इमिग्रेशन खात्याचं पत्र त्या ईमेलवर आलं, मुदत संपली, आणि मुलाला हे सगळं कळलं ते अर्ज फेटाळल्यावर. तिथल्या कायद्यात खोटी माहिती दिल्याबद्दल पाच वर्षं प्रवेशबंदी आहे, आणि ‘एजंटने केलं, मला माहीत नव्हतं’ हा बचाव सहसा टिकत नाही. अर्जावर सही मुलाची असते.

म्हणूनच ‘आधी व्हिसा, मग पैसे’ या वाक्याची मला भीती वाटते. पालकांना त्यात सुरक्षितता दिसते. पण व्हिसा मिळाला तरच ज्याची फी, तो फाइल कशीही करून गोंडस दिसेल हेच बघणार. जमलं तर त्याचे पैसे, फसलं तर बंदी मुलावर. बरं, स्टडी परमिटची सरकारी फी १५० कॅनेडियन डॉलर आणि बायोमेट्रिकचे ८५, म्हणजे चौदा-पंधरा हजार रुपये. बाकीचे लाख-दोन लाख कशाचे, हे पावतीवर लिहून मागा.

सगळे एजंट चोर नाहीत. कॉलेज निवडायला, प्रवेशाचा अर्ज भरायला मदत करणारी सचोटीची माणसं कॉलेज रोडवर आहेत, माझी भाची त्यांच्यातल्याच एकांमार्फत गेली. पण इमिग्रेशनचा सल्ला पैसे घेऊन द्यायचा तर तिथल्या कायद्याप्रमाणे वकील, परवानाधारक पॅरालीगल (मर्यादित कायदेशीर कामाची परवानगी असलेला), क्वेबेक प्रांताचा नोटरी किंवा ‘कॉलेज ऑफ इमिग्रेशन अँड सिटिझनशिप कन्सल्टंट्स’चा सदस्य असावं लागतं. हे शिकवणारं कॉलेज नव्हे, सल्लागारांची नियामक संस्था आहे, आणि तिची यादी इंटरनेटवर फुकट बघता येते. नाव किंवा नंबर टाकला की परवाना चालू आहे की निलंबित, ते दिसतं. अर्ज नाकारला गेला तर ‘पुन्हा टाकू’ म्हणणाऱ्याला आधी कॅनडाच्या फेडरल कोर्टात दाद मागण्याबद्दल विचारा. भारतातून केलेल्या अर्जावरच्या निर्णयाविरुद्ध तिथे जायला निर्णय कळल्यापासून ६० दिवस मिळतात आणि बहुतेक घरांत ते एजंटच्या फेऱ्या मारण्यात संपतात.

पंजाबने २०१२ मध्ये अशा एजंटांना परवाना सक्तीचा करणारा कायदा केला. तरीही २०२३ मध्ये तिथल्या मुलांची बनावट प्रवेशपत्रं उघडकीस आलीच, तीही मुलं कॅनडात शिकून, नोकरीला लागून, कायम वास्तव्याचा अर्ज करायला गेल्यावर. म्हणजे परवान्याने सगळं थांबत नाही. पण तक्रार कुणावर करायची एवढं तरी ठरतं.

आपल्याकडे मागणं छोटं आहे. परदेशी व्हिसाची जाहिरात घेताना जाहिरातदाराकडून त्या त्या देशाचा परवाना क्रमांक मागा आणि जाहिरातीतच छापा. क्रमांक नसेल तर ‘फक्त प्रवेशप्रक्रियेसाठी साहाय्य’ असं लिहायला लावा. आणि माझं नाव कृपया छापू नका. पत्राच्या आडून वकीलबाईंनी स्वतःचीच जाहिरात केली, असं जिल्हा न्यायालयातले माझे जुने सहकारी म्हणतील.

आपली,
एक वाचक, ब्रॅम्प्टन
(सध्या मुक्काम इंदिरानगर, नाशिक)