चेलोवाल्या सरांना, देव बरें करूं

प्रिय सर,

त्या रात्री कॉन्सर्ट संपला आणि लोक आमच्याभोवती गोळा झाले तोवर तुम्ही चेलो केसमध्ये घालून मडगावला जाणाऱ्या कुणाच्या तरी गाडीत बसून निघूनही गेलात, म्हणून हे लिहितेय.

मी मूळची सावंतवाडीची, हार्मोनियमवर शिकलेली, माझा सा मला झेपेल तिथे बसायचा. आणि इथे क्वायरमध्ये बाकीच्या बऱ्याच जणी लहानपणी चर्चच्या शाळेत सोल्फा, म्हणजे पाश्चात्त्य सरगम, शिकलेल्या, त्यांचा ला म्हणजे ठरलेला 440 हर्ट्झचा सूर, तो हलत नाही. त्यात निवडलं काय तर पेर्गोलेसी या इटालियन संगीतकाराचं स्ताबात मातेर, क्रुसाखाली उभ्या मारियेच्या दुःखाचं लॅटिन स्तोत्र, 1736 चं, बिचारा 26 व्या वर्षी क्षयाने गेला आणि त्याच वर्षी हे लिहिलेलं. दोन बायकी आवाज, व्हायोलिन, व्हायोला आणि सगळ्यात खाली चेलोची बासची सुरावट, बस. एवढ्या कमी वाद्यांत लपायला जागाच नसते. आम्ही 14 जणी आणि दर रिहर्सलला शेवटी शेवटी सूर खाली घसरलेला असायचा, नुसतं गाताना कळायचं नाही पण व्हायोलिन सुरू झाली की लगेच उघडं पडायचं.

तुम्ही पहिल्या रविवारी आम्हाला गाऊच दिलं नाहीत, आठवतंय? "आदीं आयकात, मागीर गायात." आधी ऐका, मग गा. अर्धा तास फक्त बास वाजवलात. मग पहिल्या भागाची सुरुवात, एकीने सूर धरून ठेवायचा आणि दुसरीने अगदी शेजारच्या सुरावर येऊन त्याला घासायचं. मला ते जमेना, सा चालू असताना त्याच्यावर रे लावायचा आणि तसंच थांबायचं, माझा कान म्हणायचा चुकलं, सरक. तुम्ही मला चेलोशेजारी उभं केलंत आणि सांगितलंत की टोचतंय ना, टोचू दे, खालचा बास पुढे चाललाय तो सोडवेल. तो ताण सुटला तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आलं सर, मी तोंड फिरवलं होतं पण तुम्ही बघितलं असणार. बो, म्हणजे चेलोचा गज, दिशा बदलतो तिथे श्वास घ्या हेही तुमचंच, त्याआधी आम्ही दम संपला की घ्यायचो.

आणि मग कॉन्सर्टच्या रात्री आठव्या भागात लाईट गेली. नेमका तोच भाग जिथे वरचे आणि खालचे आवाज एकमेकांच्या मागे धावतात, ऑर्गनऐवजी ठेवलेला कीबोर्ड बंद, पंखे बंद, अल्तारावरच्या मेणबत्त्या सोडल्या तर अंधार. माझ्या हातातलं नोटेशन दिसेना. पण तुमचा बास थांबला नाही, उलट थोडा जड झाला, दर ठोक्याला किंचित जास्त वजन, आणि आम्ही सगळ्या जणी त्याच्यावर पाय ठेवत ठेवत पलीकडे गेलो. शेवटच्या आमेनपर्यंत लाईट आली नाही आणि शेवटचा सूर व्हायोलिनला तंतोतंत मिळाला, एवढ्या महिन्यांत पहिल्यांदा.

मानधनाचं पाकीट तुम्ही तसंच खुर्चीवर ठेवून गेलात, ते माझ्याकडे आहे. येत्या रविवारी मी मडगावला येतेय ते द्यायला, आणि आईने केलेले नारळाचे लाडू पण आणतेय, नाही म्हणू नका.

तुमची,
खालच्या आवाजातली, डावीकडून दुसरी