पूरछावणीच्या स्वयंपाकघरासाठी आवाहन

सर्व सभासद, देणगीदार व हितचिंतक,
सस्नेह नमस्कार.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांवर गेली, २०२१ च्या जुलैत पुन्हा ५४ फूट ओलांडून गेली. दोन्ही वेळा शाळांच्या वर्गांत उतरलेल्या कुटुंबांना मंडळाने गरम जेवण दिले, ते तुमच्या बळावर. मार्केट यार्डातल्या अडत्यांनी न मागता डाळ-गुळाची पोती उतरवली. जत-आटपाडीकडच्या माणसांनी, स्वतः पाण्याला मोताद असून, भाकरीची गाठोडी पाठवली. गावभागातल्या भगिनी घरात चिखल असताना चुलीपुढे उभ्या राहिल्या. हे ऋण मंडळ विसरणार नाही. मात्र पाणी ओसरले की कोठीची आठवण कुणाला राहत नाही. उन्हाळ्यात मागितलेल्या मदतीला मोजक्याच घरांनी दाद दिली, याचे वाईट वाटते.

शिजवलेले अन्न लांबून आणण्यात धोका आहे. पाण्याला वळसा घालून गाडी पोचेपर्यंत मोठ्या पातेल्यातला भात आतून कोमट राहतो आणि त्यात जंतू वाढतात. त्यांचे विष पुन्हा गरम करूनही जात नाही; मग अख्ख्या वर्गाला उलट्या. म्हणून छावणीतच, शंभर-शंभर माणसांचा घाणा करून शिजवायचे आणि दोन तासांत वाढून संपवायचे. शंभर जणांच्या एका वेळच्या खिचडीला तांदूळ ८ किलो, मूगडाळ ४ किलो, शेंगदाणे १ किलो, तेल दीड लिटर, पाणी ३६ ते ४० लिटर लागते. डाळीत हात आखडू नये. माणसाला दिवसाला साधारण २१०० कॅलरी आणि ५० ग्रॅमच्या वर प्रथिने हवीत. नुसत्या बिस्किटांवर पोट भरते, अंगात ताकद राहत नाही. मधुमेहींचे तर हालच होतात.

भाकरी पाठवणार असाल तर कापडावर पूर्ण गार करून कागदात बांधा. गरम भाकरी प्लास्टिकमध्ये घातली की वाफ धरते आणि दुसऱ्या दिवशी बुरशी येते. सोबत शेंगदाण्याची कोरडी चटणी उत्तम. बटाट्याची भाजी नको, लवकर आंबते.

तान्ह्या बाळांसाठी दूध पावडर व बाटल्या कृपया वाटू नका, ही कळकळीची विनंती. छावणीत बाटली नीट उकळली जात नाही, बाळाला जुलाब लागतात, आणि अंगावरचे पाजणे कमी झाले की आईचे दूधही आटते. त्या आईलाच दिवसाला जादा दोन शेंगदाणा-गुळाचे लाडू व पेलाभर दूध मिळू द्या. आई जवळ नसलेल्या बाळाची सोय आरोग्य केंद्राच्या सल्ल्याने होईल.

हवे आहे: तांदूळ, मूगडाळ, शेंगदाणे, गूळ, तेल (बंद डबे), मीठ, ओआरएस, मेडिक्लोर (पाणी शुद्ध करण्याचे औषध), झाकणाची पातेली, व्यावसायिक गॅस सिलिंडर, दोन आचारी. जुने कपडे, मुदत संपलेली पाकिटे नकोत. धान्य कोरड्या गोणीत, वर वजन लिहून, मंडळाच्या कार्यालयात सायं. ६ ते ९; रक्कम शक्यतो चेकने, पावती तिथेच. पाणी ४० फुटांच्या इशारा पातळीला लागण्याआधी कोठी भरायची आहे, त्वरा करावी.

आपला,
चिटणीस